जुनं घर, इंटिरियर डिझायनर आणि आपले पैसे

आजचा विषय ऐकायला सोपा आहे. घर जुनं झालंय, जरा नवं करायचंय, त्यासाठी इंटिरियर डिझायनर बोलवायचा. यात तासभर बोलण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. पण बहुतेक मध्यमवर्गीय घरांत हे काम आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होतं. त्यासाठी लागणारी रक्कम एक तर प्रॉव्हिडंट फंडातली असते, नाही तर कर्जाची. आणि ती ज्याच्या हाती सोपवायची त्याच्याशी आपली ओळख असते दोन भेटींची. दहा हजारांचा फोन घेताना आपण महिनाभर चौकशी करतो. बारा लाखांचं काम मात्र एका सुंदर चित्रावर भाळून देऊन टाकतो.

आम्ही जुन्या फ्लॅटची दुरुस्ती आणि अंतर्गत रचना हेच काम करतो. त्यामुळे आज टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलणार आहोत. डिझायनरला नेमकं कशासाठी नेमायचं, पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे देऊ नयेत, एवढंच सांगायचंय. सगळ्याचं सार आधीच सांगून टाकतो. चांगल्या डिझायनरचा सर्वांत मोठा उपयोग असतो तो ‘हे करू नका’ असं सांगण्यात. आणि तसं सांगणं त्याला परवडेल अशी फी ठरवणं, हे आपलं काम असतं.

‘जुनं’ म्हणजे नेमकं काय?

घर जुनं झालं असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. पहिली, झिजलेलं. गंजलेले पाइप, कुजलेली चौकट, गळणारं बाथरूम, तापणारी वायर. दुसरी, गैरसोयीचं. स्वयंपाकघरात मिक्सर लावायला पॉइंट नाही, फ्रिज बाहेरच्या खोलीत, बाथरूमचं दार इतकं अरुंद की आजींना धरून आत नेता येत नाही. तिसरी, नजरेला नकोसं झालेलं. फरशीचा रंग, ट्यूबलाइट, शोकेसच्या सरकत्या काचा.

डिझायनरला फोन जातो तो बहुतेक वेळा तिसऱ्या कारणासाठी. शेजाऱ्यांचं घर बघून आलो, आता आपलं डोळ्यांना खुपायला लागलं. यात गैर काही नाही, घर छान दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण पैसे पहिल्यापासून सुरू करून तिसऱ्यापर्यंत न्यायचे असतात. उलट्या क्रमाने गेलात तर काय होतं? नव्या फॉल्स सीलिंगवर वरच्या मजल्याच्या गळतीचा पिवळा डाग उमटतो. नव्या टाइल्समागे चाळीस वर्षांचा जुना पाइप फुटतो आणि टाइल्स फोडाव्या लागतात. देखणेपणावर खर्च केलेला प्रत्येक रुपया आतल्या झिजलेल्या वस्तूच्या भरवशावर उभा असतो.

एक घर समोर ठेवू

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचं घर घेऊ. हे कुणा एका कुटुंबाचं नाही, पण पुण्यात कोथरूडला, डोंबिवलीत, ठाण्यात, नाशकात अशी घरं पुष्कळ आहेत. 1985 च्या सुमाराची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, आत पाचशे चौरस फूट फरशी. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लोखंडी खिडक्या, भिंतीवरून गेलेली वायरिंगची पट्टी, पाण्याचे जीआय पाइप, संडास आणि बाथरूम वेगवेगळं, वर माळा. राहणारं जोडपं साठीच्या पुढचं. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. खर्चाची मर्यादा बारा लाख.

आता या घरातून एक फेरी मारू. वायरिंग 1985 चं असेल तर त्या काळी घरात पंखे, ट्यूबलाइट, फ्रिज आणि इस्त्री एवढंच होतं. आज गीझर, एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आहे. त्या काळच्या अनेक घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी सापडतात. अर्थिंग नावालाच असतं. हे सगळं बदलायचं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर पॉइंटला अडीच, एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी शॉक बसताना वीज तोडतो. तो कुणाला दिसत नाही, पाहुणे त्याचं कौतुक करत नाहीत, पण घरातली ती सर्वांत महत्त्वाची खरेदी आहे.

जीआय पाइप आतून गंजून अरुंद होतो. नळाला धार कमी येते ती दर वेळी टाकीमुळे नसते. तेही बदलायचं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चाळीस वर्षांचं, ते पूर्ण नव्याने करायचं. पण मोझॅकची फरशी? ती बहुधा ठणठणीत असते. दोन-तीन दिवस मशीनने पॉलिश केलं, चिखल-पाणी सोसलं, की पुन्हा चकाकते. कडप्प्याचा ओटा भक्कम असेल तर त्याखाली ट्रॉल्या बसवता येतात. सागवानी दारं असतील तर घासून पॉलिश करा. आज त्या जाडीचं सागवान घ्यायला गेलात तर किंमत ऐकून गप्प बसाल.

म्हणजे या घरात जे सर्वांत जास्त जुनाट दिसतं ते टिकाऊ आहे. आणि जे भिंतीत दडलंय ते संपलंय. हे ओळखून सांगणारा माणूस आपल्याला हवाय.

लॉरी बेकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडहून येऊन केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद, 2007 साली गेले. घर बांधताना प्रत्येक गोष्टीला ते एकच प्रश्न विचारत, याची गरज आहे का? गरज नाही म्हणून त्यांनी कित्येक घरांच्या विटांच्या भिंतींना प्लास्टरच केलं नाही. आपल्याला इतकं टोकाला जायचं नाही. पण तोडफोडीच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला तो प्रश्न जरूर विचारावा.

डिझायनरच्या आधी इमारतीकडे बघा

घराच्या आधी इमारत येते. चाळीस वर्षांची इमारत असेल तर पहिला प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, रिडेव्हलपमेंटची चर्चा कुठवर आलीय? नुसती कुजबुज आहे, की सर्वसाधारण सभेत ठराव झालाय, की बिल्डरची निवडही झालीय? तीन वर्षांत इमारत पाडायची असेल तर बारा लाखांचं जडवलेलं फर्निचर आणि टाइल्स राडारोड्यात जाणार. बिल्डर नवं घर देईल, तुमच्या जुन्या फॉल्स सीलिंगचे पैसे देणार नाही.

म्हणून आम्ही खर्चाचे दोन ढीग करायला सांगतो. एक, घर सोडताना बरोबर नेता येईल असं. पलंग, सुटं कपाट, टेबल, पंखे, दिवे, पडदे, एसी. दुसरा, इथेच राहणार असं. फरशी, टाइल्स, भिंतीत ठोकलेलं फर्निचर, सीलिंग. रिडेव्हलपमेंट जवळ असेल तर दुसऱ्या ढिगात फक्त सुरक्षिततेचं काम करा, म्हणजे वायरिंग आणि गळती. ती तीन वर्षांसाठीसुद्धा करायचीच, कारण आग आणि शॉक तीन वर्षं थांबत नाहीत. बाकी पैसा पहिल्या ढिगात घाला.

दुसरा प्रश्न, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल मागून घ्या आणि डिझायनरला वाचायला द्या.

याचं कारण हिशेबाने सांगतो. जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर दोन इंच माल टाकून नवी टाइल बसवली, तर दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो वजन वाढतं. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. गुणाकार करा, पावणेसहा टनांच्या पुढे जातो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान अशा वापराचा भार धरताना आपल्याकडे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. म्हणजे त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा एकट्या फरशीने खाल्ला, आणि तोही चाळीस वर्षांच्या स्लॅबवर. त्याऐवजी अॅडहेसिव्हने पातळ टाइल चिकटवली तर वाढणारं वजन याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास येतं. दारं मात्र खालून थोडी कापावी लागतात. आणि पॉलिश केलं तर वजन शून्य.

भिंतींचंही तेच. ‘हॉल आणि किचन एक करून टाकू, ओपन किचन’ असं सर्रास सुचवलं जातं. इमारत जर विटांच्या भिंतींवर उभी असेल, म्हणजे लोड-बेअरिंग असेल, तर आतली नऊ इंची भिंत ही भिंत नसून खांब आहे असं समजा. आरसीसी चौकटीच्या इमारतीत साडेचार इंची आतली भिंत सहसा काढता येते, पण तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून लेखी दिल्यावर. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, पाइप नेण्यासाठी भोकसुद्धा नाही. कामाला सोसायटीच्या कमिटीची आधी लेखी परवानगी घ्यायची. खालचे काका ओळखीचे आहेत म्हणून चालून जाईल, असं करू नका. त्यांच्या छतातून पाणी टपकलं की ओळख संपते आणि पत्रव्यवहार सुरू होतो.

कोण कोण आहे बाजारात?

आता नेमायचं कुणाला? इथे नावांचा गोंधळ आहे. ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायला 1972 च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. ‘इंटिरियर डिझायनर’ या नावाला असं कायद्याचं कुंपण नाही. पाच वर्षांचा अभ्यासक्रम केलेला माणूस ते लावतो आणि काल फर्निचरचं दुकान टाकलेलाही लावतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था 1972 पासून आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. याचा अर्थ असा की पारख आपल्यालाच करावी लागते.

साधारण तीन प्रकार भेटतात. पहिला, फक्त डिझाइन आणि देखरेख करणारा. तो नकाशे देतो, ठेकेदारांची दरपत्रकं मागवतो, कामावर लक्ष ठेवतो. काम करणारे सुतार, गवंडी, वायरमन तुमच्याशी करार करतात. दुसरा, डिझाइनही करणारा आणि काम अंगावर घेणाराही, म्हणजे टर्नकी. एकाच माणसाला फोन करायचा, ही त्याची सोय. गैरसोय अशी की काम तपासणाराही तोच आणि बिल लावणाराही तोच. तिसरा, ज्याचा खरा धंदा फॅक्टरीत बनलेली कपाटं आणि मॉड्युलर किचन विकण्याचा आहे. त्याचं डिझाइन ‘मोफत’ असतं. पण गळणाऱ्या पाइपाबद्दल तो बोलणार नाही, कारण पाइप त्याच्या कॅटलॉगमध्ये नाही.

तिघेही प्रामाणिक असू शकतात. फक्त आपण कुणाशी बोलतोय ते ओळखून बोलावं. आपल्या नमुन्याच्या घराला, जिथे खरं काम भिंतीच्या आत आहे, तिथे आम्ही पहिला प्रकार सुचवू.

फी कशी ठरवायची?

हा आजचा मुख्य मुद्दा आहे, जरा लक्ष द्या. फी तीन पद्धतींनी ठरते. चौरस फुटावर, एकूण खर्चाच्या टक्केवारीवर, किंवा ठरावीक रक्कम म्हणून.

समजा दहा टक्के ठरले आणि काम बारा लाखांचं. फी एक लाख वीस हजार. आता त्याने तुम्हाला सांगितलं, फरशी बदलू नका, पॉलिश करा. तुमचे दीड लाख वाचले आणि त्याचे पंधरा हजार गेले. खरा सल्ला दिल्याबद्दल त्याला दंड झाला! माणूस कितीही सज्जन असो, दर वेळी स्वतःचं नुकसान करून खरं बोल अशी अपेक्षा कुणाकडून ठेवू नये. म्हणून जुन्या घराच्या कामाला ठरावीक रक्कम चांगली. घर बघून, काम समजून घेऊन, आकडा ठरवा. मग काम बारा लाखांवरून साडेनऊवर आलं तरी त्याची फी तीच. आता ‘हे करू नका’ म्हणणं त्याला परवडतं. आणि साडेनऊ लाखांत काम बसवलं म्हणून त्याची फी कापायला तुम्हीही जाऊ नका. ती रक्कम तो त्याच वाचवण्यासाठी घेतोय.

यावर कुणी म्हणेल, टक्केवारीत काय वाईट? नव्या बंगल्याला ती चालते. तिथे कामाचा पसारा खर्चाबरोबर वाढतो. जुन्या घरात पसारा वाढतो तो विचाराचा, आणि त्या विचाराचं फळ बऱ्याचदा कमी खर्च हेच असतं.

दुसरी गोष्ट कमिशनची. प्लायवूड, टाइल्स, हार्डवेअर, दिवे यांच्या दुकानदारांकडून डिझायनरला कमिशन मिळण्याची पद्धत बाजारात आहे, हे काही गुपित नाही. त्याबद्दल पहिल्याच भेटीत शांतपणे विचारा. ‘आम्ही तुम्हाला पूर्ण फी देऊ. दुकानातून जी सूट मिळेल ती आमच्या बिलात दिसली पाहिजे.’ एवढं वाक्य करारात लिहून घ्या. ज्याला हे मान्य नसेल तो नाही म्हणेल, आणि तेही आपल्याला वेळेवर कळेल. फी घासाघीस करून अगदी तळाला नेलीत, तर ती दुसऱ्या वाटेने वसूल होते. स्वस्त डिझायनर महाग पडतो तो असा. आणखी एक लक्षात ठेवा, नोंदणी असलेला डिझायनर फीवर 18 टक्के जीएसटी लावेल. तो धरून हिशेब करा.

तिसरी गोष्ट, फीचे तुकडे करा. पहिला तुकडा फक्त पाहणी आणि अहवालाचा. घर मोजणं, वायरिंग-प्लंबिंग तपासणं, काय ठेवायचं, काय काढायचं याची यादी. एवढ्याचे वेगळे पैसे द्या. अहवाल आवडला, माणूस पटला, तर पुढचं काम द्या. नाही पटला, तर अहवाल तुमच्याकडे राहील आणि थोडक्या पैशांत मोठं नुकसान टळेल.

चित्र आणि नकाशा

संगणकावर काढलेलं थ्रीडी चित्र बघून आपण हरखतो. त्यात ऊन छान पडलेलं असतं, टीपॉयवर एक पुस्तक असतं, आणि घरात एकही पिशवी नसते. (हशा.) चित्र जरूर बघा. पण सुतार चित्रावरून काम करत नाही. त्याला लागतो मापांसह काढलेला नकाशा, ज्याला वर्किंग ड्रॉइंग म्हणतात. करारात लिहून घ्या की हे कागद मिळतील. सध्याच्या घराचा मोजलेला नकाशा, काय तोडायचं त्याचा नकाशा, वीज पॉइंटांचा, पाइपांचा, प्रत्येक कपाटाचा आतून आणि बाहेरून, आणि साहित्याची यादी.

साहित्याच्या यादीत ‘चांगल्या प्रतीचं प्लायवूड’ असं लिहिलेलं चालणार नाही. चांगली प्रत म्हणजे कुणाची? भारतीय मानक लिहा. खोलीतल्या कपाटाला आयएस 303, ओट्याखाली आणि पाण्याजवळ आयएस 710. जाडी लिहा, कंपनी लिहा, बिजागरीचं मॉडेल लिहा. मोजमापाची पद्धतही लिहा. आपल्याकडे कपाटाचं बिल पुढच्या दर्शनी चौरस फुटावर लावतात. मग आतले ड्रॉवर त्यात धरले की वेगळे? वरचा माळा वेगळा? भांडणं इथे होतात. कारागीर वाईट असतात असं नाही. आधी ठरलेलं नसतं, म्हणून होतात.

पैसे टप्प्यांनी द्या, आणि टप्पा तारखेवर नको, कामावर ठेवा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नाहणी ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं, आणि खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं. ओल नाही, मग पुढचा हप्ता. भिंतीत पाइप आणि वायरी टाकल्या की प्लास्टर करण्याआधी टेप लावून फोटो काढा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तो फोटो सोन्याच्या मोलाचा ठरतो. आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. तसं करारातच लिहा, म्हणजे कुणाला अपमान वाटणार नाही.

माणूस कसा पारखायचा?

डिझायनर तुम्हाला त्याचं नुकतंच झालेलं काम दाखवेल. तुम्ही तीन-चार वर्षांपूर्वीचं काम बघायला मागा. नवं घर सगळ्यांचंच छान दिसतं. चार वर्षांनी कपाटाची दारं लोंबतात का, सिंकखालचं प्लाय फुगलंय का, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे आलेत का, ते बघा. आणि त्या घरातल्या माणसांना एकच प्रश्न विचारा, काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का?

पहिल्या भेटीत तो तुम्हाला काय विचारतो, याकडेही लक्ष द्या. ‘बजेट किती? मॉडर्न हवं की क्लासिक?’ एवढंच विचारलं तर थांबा. पोळ्या कोण करतं, उभ्याने की बसून? देव कुठे असतात? कपडे वाळत कुठे घालता? गणपतीला किती माणसं येतात, दिवाळीत मुलगी आली की कुठे झोपते? गुडघे कुणाचे दुखतात? हे विचारणारा माणूस तुमच्या घराचा विचार करतोय.

गुडघ्यांवरून आठवण झाली. साठीतलं जोडपं घर नवं करतं तेव्हा ते सत्तरीसाठी आणि ऐंशीसाठी करत असतं, हे बोलायला संकोच वाटतो. पण बोलावं. बाथरूमची गुळगुळीत टाइल घसरडी असते, खरबरीत घ्या. कमोडच्या बाजूला धरायचा दांडा आज नको असेल, तर नका लावू. पण तो विटेच्या भिंतीत पक्का बसेल अशी जागा आजच धरा. बाथरूमचा उंबरठा कमी करा. दार रुंद करता येत असेल तर आताच, भिंत उघडी असताना करा. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि जुन्या बाथरूमची दारं कित्येकदा त्याहून अरुंद असतात. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराखाली चार ते सहा इंच ठेवा. माळ्यावरचं सामान आजच निम्मं करा, कारण पुढे स्टुलावर चढायचं नाहीये. ज्या फ्लॅटला लिफ्ट नाही तिथे हे जोडपं दिवसाचा बराच वेळ घरातच घालवणार आहे. त्यांना खिडकीशी बसायला एक चांगली जागा, वाचायला नीट उजेड आणि रात्री बाथरूमपर्यंत जाताना एक छोटा दिवा, या तीन गोष्टी फॉल्स सीलिंगपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : एवढ्याशा कामाला डिझायनर लागतोच का? आमचा सुतार तीस वर्षांचा ओळखीचा आहे.

रंग, दोन कपाटं आणि पॉलिश एवढंच काम असेल तर नका नेमू. ओळखीचा चांगला सुतार ही मोठी ठेव आहे. पण एकाच भिंतीत वायरमन, प्लंबर आणि सुतार तिघांचं काम येत असेल, तर आधी कोण, मग कोण, हे ठरवणारं एक डोकं लागतं. नाही तर टाइल्स बसल्यावर वायरमन येतो आणि छिन्नी काढतो. मधला मार्गही आहे. पूर्ण फी न देता फक्त पाहणी, नकाशे आणि ठरावीक भेटी एवढंच घ्यायचं, आणि काम आपल्याच सुताराकडून करून घ्यायचं. बरेच डिझायनर त्याला तयार असतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तो डिझायनरशी व्हिडिओवर बोलून सगळं ठरवतो, पैसेही तोच देतो. राहतो मात्र आम्ही. काय करावं?

हा प्रश्न फार घरांत आहे. मुलाचं प्रेम खरं आहे, पण त्या ओट्यावर तो रोज उभा राहणार नाही. आमचा अनुभव असा की दोन तोंडांनी सूचना गेल्या की काम लांबतं आणि खर्च वाढतो. म्हणून आधीच वाटणी करा. बजेट आणि करार मुलाने बघावा. स्वयंपाकघर, बाथरूम आणि झोपायची खोली याबद्दलचा शेवटचा शब्द इथे राहणाऱ्यांचा. हे डिझायनरला लेखी कळवा. आणि आई, ‘तुला आवडेल ते कर’ असं फोनवर म्हणू नका. तुम्हाला काय हवंय ते सांगा, त्यालाही तेच हवं असतं.

प्रश्न : टर्नकीवाले दहा वर्षांची वॉरंटी देतात. मग भीती कसली?

वॉरंटी कशावर आहे ते वाचा. बऱ्याचदा ती प्लायवूड किंवा बिजागऱ्यांवर असते, गळतीवर आणि वायरिंगवर नसते किंवा फार थोडी असते. प्रत्येक कामासाठी वेगळी मुदत लिहून मागा. काम बिघडलं तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. पण तिथे बोलतात ते कागद. करार, साहित्याची यादी, हप्त्यांच्या पावत्या, भिंत बंद करण्याआधीचे फोटो. रोखीने आणि तोंडी झालेल्या कामाची तक्रार सिद्ध करणं कठीण जातं.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर एवढं एकच करा. एक कागद घ्या, त्यावर तीन रकाने पाडा, झिजलेलं, गैरसोयीचं, नकोसं. घरातल्या प्रत्येकाने आपापलं लिहावं, आजी-आजोबांनीही. डिझायनर येईल तेव्हा आपल्या आवडीची चित्रं दाखवण्याआधी तो कागद त्याच्या हातात द्या.